पुरात फुटलेल्या कपबश्यांचे मोझॅक : ओल धरणाऱ्या भिंतीवर ते टिकवायचे कसे?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगलीच्या गावभागात राहते. या धाग्यावर मला एक अडचण मांडायची आहे, पण ती नीट समजावी म्हणून थोडी मागची हकीकत सांगते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, एवढे सांगितले म्हणजे बाहेरगावच्या वाचकांना अंदाज येईल. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर पाणी माझ्या खांद्याइतके चढले होते. ते ओसरल्यावर आम्ही दार उघडले, तेव्हा स्वयंपाकघरातली लाकडी मांडणी तोंडावर पालथी पडलेली होती, आणि तिच्याखालच्या गाळात सासूबाईंच्या चिनीमातीच्या कपबश्या, लोणच्याच्या दोन बरण्या आणि पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या बारा ताटल्यांपैकी नऊ ताटल्या फुटून पडल्या होत्या. चिनीमातीला पाण्याने काहीच केले नव्हते. लाकूड फुगून मांडणीचे सांधे सुटले, ती कोसळली, आणि तिच्याबरोबर सगळे गेले. त्या आठवड्यात गल्लीत कचऱ्याचे ढीग कमरेइतके उंच होते. गाद्या, वह्या, धान्य, सगळे आम्ही त्या ढिगावर टाकले. हे तुकडे मात्र माझ्याने टाकवेनात. मी ते पत्र्याच्या एका डब्यात भरून माळ्यावर ठेवून दिले.

दोन वर्षांनी, २०२१ च्या पुरानंतर घर पुन्हा धुताना तो डबा खाली आला. निळ्या वेलबुट्टीची एक बशी होती, तिचे चार तुकडे मी हातात घेऊन पाहिले. जुन्या भांड्यांच्या झिलईवर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते, ते आपण सर्वांनी पाहिलेले असेल. पुराचा गाळ त्या भेगांमध्ये शिरला होता. धुण्याच्या सोड्यात दोन दिवस भिजवून आणि जुन्या दातघासणीने घासूनही त्या तपकिरी रेषा गेल्या नाहीत. पांढऱ्या चिनीमातीवर नकाशातल्या ओढ्या-नाल्यांसारख्या त्या दिसतात. त्या बशीकडे बघताना मनात आले की घरात पाणी जिथवर चढले होते, त्या उंचीवर भिंतीला वीतभर रुंदीचा मोझॅकचा पट्टा बसवावा. आमच्या भागात कित्येक घरांच्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा रंगाने केलेल्या आहेत. आमची खूण या बशांची असावी.

पट्टा नऊ फूट लांबीचा करायचा, तर घरचे तुकडे पुरेसे नव्हते. म्हणून मी आसपास विचारायला सुरुवात केली. चहाच्या गाड्यांवर कान तुटलेले कप बाजूला काढून ठेवलेले असतात. दोन गाडेवाल्यांनी ते आनंदाने दिले. भंगाराच्या दुकानात चिनीमातीला वजनाचा भाव नसल्यामुळे दुकानदाराने एक गोणी नुसती उचलून न्यायला सांगितली. ओळखीच्या एका मंगल कार्यालयातून टवके उडालेल्या ताटल्या मिळाल्या, कासाराकडून फुटक्या बांगड्यांची एक पिशवी मिळाली. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीलाही मी विचारले. तिच्याकडे आता स्टील आणि प्लास्टिकच असते, पण तिने दुसऱ्या घरून आलेली हिरव्या काठाची एक किटली मुद्दाम माझ्यासाठी आणून दिली.

आता अडचण. पहिल्या प्रयत्नात मी पट्ट्याचा डावा निम्मा भाग सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकाने चिकटवला आणि उजवा निम्मा व्हाइट सिमेंटने. उन्हाळ्यात दोन्ही भाग सुरेख दिसत होते. पहिला पावसाळा लागला आणि जुलैमध्ये डाव्या भागातले तुकडे हळूहळू खाली सरकू लागले. उजवा भाग दिवाळीपर्यंत टिकला, पण त्यानंतर एके दिवशी हातभर लांबीचा तुकडा गिलाव्यासकट निखळून खाली आला. त्याच्या पाठीला पिठासारखी पांढरी भुकटी होती. भिंत जुनी आहे. दगड, वीट आणि माती यांची, वरून चुन्याचा गिलावा आणि त्यावर अलीकडे केलेले सिमेंटचे प्लास्टर. सुदैवाने निळ्या बशीचे तुकडे मी अजून लावले नव्हते.

माझे दोन प्रश्न आहेत. अशा भिंतीवर हे काम टिकेल का? आणि टिकणार असेल, तर ते कशावर आणि कशाने बसवावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे, कारण निळी बशी एकदाच वापरता येणार आहे.

मिरजेचा वाटसरू

ताई, कल्पना फार आवडली. डिंकाचे उत्तर मला माहीत आहे. तो डिंक वाळल्यावर पारदर्शक आणि घट्ट होतो, परंतु सतत ओल मिळाली की पुन्हा मऊ पडतो. माझ्या मुलीने शाळेसाठी केलेला मोझॅकचा ट्रे आम्ही एकदाच मोरीत धुतला आणि तुकडे हातात आले. घरात, कोरड्या जागी, लाकडी फळीवर तो चालतो. भिंतीवर किंवा अंगणात त्याचा उपयोग नाही. सिमेंटच्या भागाचे काय झाले ते मात्र एखाद्या बांधकामवाल्याने सांगावे.

ओळंबा

ताई, मी अठ्ठावीस वर्षे बांधकामाच्या धंद्यात आहे आणि माझे वडील गवंडी होते. आपण विचारलेले काम आमच्या धंद्याला नवे नाही. जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून त्यावर पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवतात, त्याला आम्ही ‘चायना मोझॅक’ म्हणतो. पाणी उताराने वाहून जावे आणि पांढऱ्या रंगाने ऊन परतावे, असे त्याचे दोन उपयोग. लहानपणी मी वडिलांच्या कामावर गोणपाटावर बसून फरशीचे तुकडे हातोडीने फोडून देत असे. त्यामुळे आपल्या कामाविषयी मला आपुलकी वाटते, आणि जे सांगतो ते मनापासून सांगतो.

आपल्या भिंतीला दोन निरनिराळे रोग आहेत. ते वेगळे ओळखले नाहीत तर कितीही महागडा माल आणला तरी काम पडेल.

पहिला रोग लोणा लागण्याचा. जी पांढरी भुकटी आपण पाहिली, ती भिंतीतले क्षार आहेत. जमिनीतली आणि पुराची ओल भिंतीत वर चढते, पृष्ठभागाशी येऊन सुकते, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार तिथे साठून त्यांचे खडे बनतात. खडा बनताना तो जागा मागतो आणि गिलाव्याला आतून बाहेर ढकलतो. चुन्याचा आणि मातीचा गिलावा श्वास घेतो, म्हणजे ओल त्यातून सहज बाहेर पडते. आपण म्हणता ते सिमेंटचे प्लास्टर ही वाट अडवते, आणि त्यावर झिलईच्या बशा लावल्या म्हणजे उरलेली वाटही बंद होते. मग क्षार प्लास्टरच्या मागेच साठतात आणि सगळा थर एकदम सुटतो. तुकडे गिलाव्यासकट आले, यावरून आपले सिमेंट तुकड्यांना धरून होते, भिंतीनेच हात सोडला, हे उघड आहे.

भिंत किती ओली आहे ते पाहण्याचा साधा उपाय आहे. हातरुमालाएवढा जाड पारदर्शक प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव जमले, तर ओल भिंतीतून येते आहे. कडक उन्हाळ्यात हे करून पाहा. मे महिन्यातही दव आले, तर त्या भिंतीवर थेट काहीही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा रोग तुकड्यांच्या पाठीचा आहे, आणि याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. टाइलची पाठ कोरी असते, खरबरीत असते, थोडे पाणी पिते. म्हणून सिमेंट तिला धरते. बशीला मात्र दोन्ही अंगांनी झिलई असते. शिवाय बारीक पोताची चिनीमाती किंवा बोन चायना जवळजवळ पाणी पीतच नाही. नुसते व्हाइट सिमेंट अशा काचेसारख्या पाठीवर धरत नाही. ते फक्त तुकड्याच्या फुटलेल्या कडांना धरते. भिंत कोरडी असती, तरी तीन-चार वर्षांनी मोठे तुकडे पोकळ वाजू लागले असते. यासाठी पॉलिमर मिसळलेले टाइल अॅडेसिव्ह वापरावे. गोणीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आणि प्रकार छापलेला असतो. बाहेरच्या कामासाठी आणि कमी पाणी पिणाऱ्या टाइलसाठी चालेल असे लिहिलेला प्रकार मागावा. तुकडे मात्र लहान ठेवावेत, फार तर दोन बोटे रुंद, म्हणजे पाठीच्या मानाने कडा जास्त मिळतात. मधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत भरलेले ग्राउट, म्हणजे सांधे भरण्याचे सिमेंटचे मिश्रण, चारही बाजूंनी तुकडा आवळून धरते. झिलईच्या पाठीला खडबडीत दगडावर ओले करून दोन-चार घासे दिले तरी पुष्कळ फरक पडतो.

आता उपाय. पट्टा भिंतीवर करू नका, फलकावर करा. दहा-बारा मिलिमीटर जाडीचा सिमेंट फायबर बोर्ड घ्या. प्लायवूड किंवा एमडीएफ अजिबात नको. आपल्या मांडणीचे जे झाले तेच त्याचे होईल. बोर्डाचे तीन-तीन फुटांचे तीन भाग करा आणि काम जमिनीवर आडवे ठेवून पूर्ण करा. नंतर प्रत्येक फलक स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने भिंतीला असा लावा की फलक आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा राहील. स्क्रूवर नळीचे छोटे तुकडे घातले की ती जागा आपोआप राहते. भिंत मागे मोकळा श्वास घेईल, लोणा आला तरी खाली गळून पडेल. वीतभर रुंद आणि तीन फूट लांब फलकाचे वजन सात-आठ किलोंच्या घरात जाईल, म्हणून स्क्रू मातीच्या सांध्यात न घेता दगडात किंवा पक्क्या विटेत घ्यावा. आणखी एक फायदा आहे, तो लिहिताना बरे वाटत नाही, पण सांगलीत तो लक्षात ठेवावाच लागतो : पुन्हा पाणी येण्याची वर्दी मिळाली, तर फलक काढून वर नेता येतात.

भिंतीवरचे सिमेंटचे प्लास्टर खालच्या चार फुटांत काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करता आला तर फारच उत्तम. तो खर्च मोठा आहे. पण घर टिकवायचे तर कधी ना कधी करावाच लागेल.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी

मी साताऱ्याची. सहा-सात वर्षे जुन्या बशांपासून कुंड्या, आरशांच्या चौकटी आणि दारावरच्या पाट्या करते आहे. ‘ओळंबा’ काकांनी भिंतीचे इतके नीट सांगितले आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी तुकडे कापण्याविषयी लिहिते, कारण निळी बशी एकच आहे आणि हातोडीने ती जाईल.

हातोडी वापरूच नये असे नाही. पार्श्वभूमीचे पांढरे तुकडे हवे असतील, तर भांडे जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडणे सोयीचे पडते. परंतु जे चित्र जपायचे आहे, त्यासाठी चाकांची पक्कड घ्यावी. तिला दोन लहान गोल पाती असतात. काच आणि टाइल कापण्याच्या सामानात ती मिळते. नवख्या माणसाची चूक अशी होते की तो पक्कड बशीवर खोलवर घालून दाबतो आणि बशी भलतीकडे फुटते. पाती काठावर फक्त दोन-तीन मिलिमीटर धरावीत, पात्यांची दिशा जिकडे चीर जायला हवी तिकडे करावी, आणि सावकाश दाबावे. चीर आपणहून पुढे धावते. टक् असा आवाज होतो आणि बशीचे दोन भाग हातात राहतात. तो आवाज ओळखीचा झाला की निम्मे काम आले असे समजावे.

बशीच्या बुडाला जे गोल कडे असते, ते सर्वांत त्रासदायक असते. चीर त्या कड्याशी येऊन थांबते किंवा वळते. म्हणून आधी बाहेरच्या काठाकडून कड्यापर्यंत पाकळ्यांसारखे भाग काढून घ्यावेत, मग कडे पाठीमागून थोडे थोडे कुरतडून टाकावे, आणि शेवटी मधले चित्र सोडवावे. ताईंच्या बशीचे आधीच चार तुकडे झालेले आहेत, त्यामुळे कडेही चार ठिकाणी तुटलेले असणार. हे एका अर्थी सोपे आहे. बशीचा मूळचा गुळगुळीत काठ फेकू नये. पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला तो लावला, तर हाताला धारदार लागत नाही आणि काम पूर्ण झाल्यासारखे दिसते.

कपांचे तुकडे वक्र असतात. मोठा वक्र तुकडा सपाट फलकावर दोन टोकांवरच टेकतो आणि मध्ये पोकळ राहतो. तो अंगठ्याच्या नखाएवढा करावा, नाहीतर पाठीच्या खोबणीत आधी अॅडेसिव्ह भरून मगच बसवावा. कपाचे कान मात्र अखंड ठेवा, ते खुंटी म्हणून उपयोगी पडतात.

गोणीतला माल निवडताना एक गोष्ट कृपया काळजीपूर्वक पाहावी. पांढऱ्या, हलक्या, काचेसारख्या ज्या ताटल्या ‘ओपल’ म्हणून मिळतात, त्या चिनीमातीच्या नसतात; त्या कडक केलेल्या काचेच्या असतात. पक्कड लावताच त्या सुयांसारख्या कपच्यांमध्ये फुटतात आणि कपच्या दूरवर उडतात. पहिल्या वर्षी माझ्या मनगटात अशी एक कपची गेली होती, ती डॉक्टरांकडे जाऊन काढावी लागली. मंगल कार्यालयातल्या ताटल्यांपैकी काही मेलामाइनच्याही असतील. ते प्लास्टिक आहे, त्याचे मोझॅक होत नाही. नखाने टिचकी मारून पाहावे. चांगली चिनीमाती घंटेसारखी वाजते, मेलामाइन बद्द वाजते.

चष्मा डोळ्यांना दोन्ही बाजूंनी झाकणारा हवा. तुकडे पाण्याच्या ताटात बुडवून मग कापावेत आणि एन-९५ मास्क लावावा, कारण चिनीमातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की परत निघत नाही. जुन्या भांड्यांच्या रंगांत आणि झिलईत शिसेही असू शकते. त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात करू नये, काम करताना काही खाऊ नये, आणि अशा मोझॅकचा ट्रे उघडे अन्न ठेवण्यासाठी वापरू नये. घरात रांगते मूल असेल तर जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी.

गावाकडची सून

सर्वांनी उत्तम माहिती दिली आहे. मला एक वेगळी शंका आहे. फुटके भांडे घरात ठेवू नये, असे आमच्याकडे मानतात. मी तुळशीवृंदावनाला असे मोझॅक करावे म्हणत होते, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना ते पटले नाही. ‘कृष्णाकाठ’ ताई, आपल्या सासूबाईंनी कसे मान्य केले?

कृष्णाकाठ

‘ओळंबा’ काका आणि साताऱ्याच्या ताई, आपण दोघांनी जे लिहिले त्याची छापील प्रत काढून मी ती कामाच्या जागी लावली आहे. काकांनी सांगितलेला प्लास्टिकचा कागद आज सकाळी भिंतीवर लावला.

‘गावाकडची सून’ यांच्या शंकेविषयी. सासूबाईंनी सुरुवातीला डबा पाहून तेच म्हटले होते. मी तुळशीवृंदावनाचाही विचार केला होता, आणि त्याला त्यांनी ठाम नकार दिला. ज्या बशीतून माणसे जेवली, ती उष्टी-खरकटी बशी तुळशीला लावू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते मान्य आहे. तुळशीसाठी टाइलच्या दुकानातले कोरे उरलेले तुकडे वापरता येतील. पट्ट्याविषयी मात्र त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच डब्यातून बरणीचे झाकण काढून ‘हे फोडू नकोस, अख्खे लाव’ असे म्हणाल्या.

पुस्तकातला कोपरा

विषय इतका चांगला चालला आहे की मीही थोडी माहिती लिहितो. फुटक्या भांड्यांनी मोठी कामे करणारी साधी माणसे जगात होऊन गेली आहेत. चंदीगडचे नेकचंद सरकारी रस्ते विभागात निरीक्षक होते. फुटकी भांडी, बांगड्या, विजेच्या सामानाचे चिनीमातीचे तुकडे गोळा करून त्यांनी कित्येक वर्षे गुपचूप मूर्ती घडवल्या, आणि १९७६ मध्ये ते रॉक गार्डन लोकांसाठी खुले झाले. फ्रान्समधल्या शार्त्र गावात रेमाँ इझिदोर नावाचे गृहस्थ स्मशानभूमीत झाडलोटीचे काम करीत. त्यांनी आपले घर, अंगण आणि घरातले सामानसुद्धा वेचून आणलेल्या बशांच्या तुकड्यांनी मढवले. बार्सिलोनाच्या ग्युएल उद्यानातला लांबलचक नागमोडी बाक सर्वांनी छायाचित्रांत पाहिलेला असतो. तो १९०० ते १९१४ या काळात झालेल्या त्या उद्यानाचा भाग आहे, आणि त्यावर टाइल व भांडी यांचे तुकडे आहेत.

आपल्याकडे अहमदाबादेत बाळकृष्ण दोशी यांनी हुसेन यांच्या चित्रांसाठी जी गुंफा बांधली, तिच्या घुमटांवर ‘ओळंबा’ काकांनी सांगितलेले तेच चायना मोझॅक आहे. दोशी मूळचे पुण्याचे. गच्चीवरचे हे रोजचे काम त्यांनी वाकड्या-तिकड्या घुमटांवर घेतले, आणि ते तिथे शोभलेही, कारण गोलाईवर अखंड फरशी बसत नाही, तुकडेच बसतात. साताऱ्याच्या ताईंनी सपाट फलकावर वक्र तुकडा बसत नाही असे लिहिले आहे. गोल कुंडी किंवा माठ घेतला तर कपाचे तुकडे तिथे चांगले बसतील असे वाटते.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी

बरोबर आहे, पण कुंडीविषयी एक सूचना. भाजक्या मातीची कुंडी आतून पाणी पिते आणि ते बाहेरच्या अंगाने सोडते, म्हणजे सांगलीच्या भिंतीचाच प्रकार. आतून जलरोधक लेप दिल्याशिवाय बाहेरून मोझॅक करू नये. माझ्या पहिल्या तीन कुंड्या याच कारणाने सोलल्या.

मिरजेचा वाटसरू

ग्राउटविषयी कोणी लिहिले नाही. पांढरे भरावे की रंगीत?

ओळंबा

पांढऱ्या बशांमध्ये पांढरे ग्राउट भरले की सगळे एकजीव होऊन चित्र हरवते. सिमेंटी करड्या रंगाचे भरावे, किंवा पांढऱ्यात थोडे ऑक्साइड मिसळावे. तुकडे बसवल्यानंतर पूर्ण एक दिवस थांबून मगच ग्राउट करावे. ते चक्क्याइतके घट्ट असावे; पातळ केले तर सुकताना आक्रसते आणि भेगा पडतात. रबरी पात्याने सर्व दिशांनी दाबून भरावे, पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने वरचेवर पुसावे, आणि पुढचे दोन-तीन दिवस ओले फडके घालून ठेवावे, कारण सिमेंटला पक्के होण्यासाठी पाणी लागते. गच्चीच्या कामात आम्ही शेवटी पातळ अॅसिडने पृष्ठभाग धुतो. बशांवर ते करू नये, झिलईच्या वर काढलेली नक्षी फिकी पडते. हातात रबरी मोजे घाला, सिमेंटने कातडी भाजते. आणि धुतलेले पाणी मोरीत ओतू नका; बादलीत खाली बसू द्या, नाहीतर ते नळीत दगडासारखे बसते.

कृष्णाकाठ

बऱ्याच महिन्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. एक पूर्ण पावसाळा पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, असे मी ठरवले होते.

प्लास्टिकच्या कागदावर मे महिन्यातही दव आले. त्यामुळे थेट भिंतीचा विचार सोडून दिला आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे तीन फलक केले. पहिला फलक मी मुद्दाम गाड्यांवरच्या कपांचा आणि मंगल कार्यालयाच्या ताटल्यांचा केला, म्हणजे हात बसावा. त्याला सव्वा महिना लागला. पक्कड आणल्यानंतर पहिल्या दहा-बारा बशा वाया गेल्या. त्यानंतर साताऱ्याच्या ताईंनी लिहिलेला टक् आवाज एका दुपारी अचानक आला आणि मग येतच राहिला. ओपलच्या ताटल्या मी टिचकी मारून आणि काठ निरखून बाजूला काढल्या. गोणीत त्या अकरा निघाल्या.

निळी बशी मधल्या फलकावर आहे. तिचे चार मोठे तुकडे पुन्हा जोडून अख्खी बशी करावी, असा मोह झाला होता. तसे केले नाही. वेलबुट्टी डावीकडून उजवीकडे वाहत जाईल असे तुकडे कापले आणि भेगांतल्या त्या तपकिरी रेषा एकमेकींना मिळतील तिथे जवळ जवळ ठेवले. त्यांच्याभोवती बोहारणीने आणलेल्या किटलीचा हिरवा काठ आहे, आणि बरणीचे झाकण सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे अखंड बसवले आहे. ते जाड असल्यामुळे त्याच्याखाली अॅडेसिव्ह कमी आणि बाकीच्या तुकड्यांखाली जास्त घालून पातळी सारखी करावी लागली. बांगड्यांचे तुकडे वापरायचे नाहीत असे शेवटी ठरवले, कारण काच इतकी बारीक आहे की ग्राउट पुसताना ती हाताला लागते.

फलक दगडात स्क्रू घेऊन बसवले, मागे बोटभर जागा ठेवली. पट्ट्याची वरची कड बरोबर त्या पातळीवर आहे, जिथे गाळाची रेघ होती.

पावसाळ्यानंतर मी चमच्याने प्रत्येक तुकडा वाजवून पाहिला. भिंतीतून लोणा या वर्षीही आला. फलकांच्या खाली जमिनीवर पांढरी भुकटी पडलेली दिसते, ती मी झाडून काढते. तुकड्यांपैकी तीन पोकळ वाजले, आणि तिन्ही पहिल्या फलकावरचे, कपांचे मोठे वक्र तुकडे होते. दोन काढून लहान करून पुन्हा बसवले. तिसरा कान असलेला आहे. तो काढायला घेतला, तेव्हा सासूबाईंनी हात धरला. त्या कानाला त्या आता मागच्या दाराची किल्ली अडकवतात, म्हणून त्याच्या मागे सुईने अॅडेसिव्ह भरता येते का, हे ‘ओळंबा’ काकांना विचारायचे आहे.

ओळंबा

भरता येते. फट दिसत असेल तर पातळ इपॉक्सी औषधाच्या पिचकारीने वरून सोडावी, खालून चिकटपट्टीने बंद करावे आणि एक दिवस किल्ली दुसरीकडे ठेवावी.